तयार गणेशपूजा संच : खोक्यात काय मिळतं, काय मिळत नाही आणि ठाण्यात ते कुठून भरून काढायचं

श्रावण सरत आला की ठाण्यात गोखले रोड, राम मारुती रोडवर, वाशी-नेरूळच्या पूजासाहित्याच्या दुकानांत आणि घरपोच किराणा देणाऱ्या अ‍ॅपांवर ‘संपूर्ण गणेशपूजा संच’ दिसू लागतो. ढोबळ मानाने तीन प्रकार आहेत. पहिला प्लास्टिकच्या पिशवीतला छोटा संच : हळद, कुंकू, अष्टगंध, जानवं, वस्त्रमाळ, वाती, कापूर. दुसरा मधला खोका, ज्यात सुपाऱ्या, हळकुंडं, खारीक, बदाम, खोबऱ्याची वाटी, मध, तूप, तेल आणि एक पातळ पोथी असते. तिसरा मोठा खोका : ताम्हण-पळी-निरांजन, चौरंगावर घालायचं वस्त्र, वाळवलेली पत्री आणि पूजा ऐकण्यासाठी स्कॅन करायचा कोड. वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांत आतला माल बराचसा सारखाच असतो, म्हणून हे परीक्षण एखाद्या कंपनीचं नसून या तीन प्रकारांचं आहे.

निकाल आधीच सांगतो. छोटा संच घ्यावा. मधला घ्यायचा तर पोथी उघडून पाहून घ्यावा. मोठ्या खोक्यावर खर्च करू नये. कारणं पुढे आहेत.

खोक्यावर ‘४१ वस्तू’, ‘५१ वस्तू’ असं ठळक छापलेलं असतं. हळद, कुंकू, गुलाल, बुक्का, शेंदूर, अष्टगंध अशा सहा पुड्या म्हणजे सहा वस्तू झाल्या; फुलवाती आणि लांब वाती मोजल्या की आठ. हा आकडा पाहून खरेदी करणं चुकीचं आहे, कारण पूजेच्या परंपरेने वस्तूंची वर्गवारी फार पूर्वी करून ठेवली आहे. काही वस्तू नसल्या तरी पूजा अडत नाही. वस्त्र नसेल तर ‘वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि’, अलंकार नसतील तर ‘अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि’. चिमूटभर अक्षता वाहायच्या आणि पुढे जायचं. सोळा उपचार जमत नसतील तर गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य हे पाच उपचार करावेत, तेही पूजा म्हणून पूर्ण मानले आहेत. ज्यांची जागा अक्षता घेऊ शकत नाहीत अशा गोष्टी मोजक्या आहेत : देशकालासह संकल्प, प्राणप्रतिष्ठा, उपचारांचा क्रम, नैवेद्य आणि शेवटी, विसर्जनाआधीची उत्तरपूजा. यांतल्या बहुतेक विकत घ्यायच्या नाहीतच, त्या नीट सांगणारी पोथी हवी असते. बाजारातले संच नेमके उलटे वागतात. अक्षतांनी भागणाऱ्या वस्तूंवर जरीचं कापड आणि चकचकीत डबी, आणि जिच्यावर सगळी पूजा उभी आहे ती पोथी सगळ्यात स्वस्त कागदावर, अर्धवट छापलेली.

क्रमाला एवढं महत्त्व का, हे एकदा ध्यानात आलं की संच पारखणं सोपं जातं. घरी मोठं माणूस आलं की आपण ‘या’ म्हणतो, बसायला देतो, पाय धुवायला पाणी देतो, मग खायला-प्यायला विचारतो. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, यज्ञोपवीत, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य, प्रदक्षिणा, नमस्कार, मंत्रपुष्प हा क्रम त्याच रीतीचा आहे. पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचा सोळा उपचारांना जोडलेल्या आहेत, ‘सहस्रशीर्षा पुरुषः’ आवाहनाला आणि ‘यज्ञेन यज्ञमयजन्त’ मंत्रपुष्पाला. त्यामुळे गंधाच्या आधी धूप ओवाळला की नुसता क्रम चुकत नाही, ऋचाही सरकतात. चांगल्या संचात पुड्यांवर उपचाराचा क्रमांक हवा. असे संच फार थोडे दिसतात. विकत घेतलेल्या पुड्यांवर स्केचपेनने आपणच आकडे घालावेत आणि त्याच क्रमाने त्या ताटात मांडाव्यात. पूजेला बसल्यावर ‘अष्टगंध कुठेय, जानवं कुठेय’ ही शोधाशोध थांबते.

पत्री : इथे खोका पूर्ण नापास

गणेशचतुर्थीच्या पूजेत अंगपूजेनंतर पत्रपूजा येते. एकवीस नावं आणि एकवीस पानं : मालती, माका, बेल, पांढरी दूर्वा, बोर, धोतरा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डाळिंब, देवदार, मरवा, पिंपळ, जाई, केवडा, अगस्ती म्हणजे हादगा. ‘सुमुखाय नमः’ म्हणून मालती, ‘वक्रतुंडाय नमः’ म्हणून शमी, असं एकेक पान वाहायचं. गणपतीला एरवी तुळस वाहत नाहीत. वर्षातून या एका दिवशी पत्रीत तिला जागा आहे.

मोठ्या खोक्यात ‘वाळवलेली २१ पत्री’ नावाची पुडी येते. पुडी उघडली की हाती लागतो पानांचा चुरा. त्यात डोरली कुठली आणि मरवा कुठला हे पत्री ओळखणाऱ्यालाही सांगता येत नाही. एकवीस नावं घेऊन एकवीस वेळा एकच चुरा वाहायचा, याला पत्रपूजा म्हणता येणार नाही. बेल आणि तुळस शिळी होत नाही असं परंपरा मानते, तेव्हा ती दोन पानं सुकलेली चालतील. बाकीची ताजीच हवीत, आणि नसतील तर त्या नावाला अक्षता किंवा दूर्वा वाहावी. चुऱ्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सरळ आहे आणि परंपरेतलाच आहे. अॅपवरून येणाऱ्या ‘ताज्या पत्री’च्या सीलबंद पिशव्या थोड्या बऱ्या, पण भाद्रपदातल्या दमट हवेत बंद प्लास्टिकमध्ये पानं एका रात्रीत काळी पडतात. त्या घेतल्याच तर हातात येताच पिशवी फोडून पानं ओल्या सुती फडक्यात गुंडाळावीत.

ठाण्यात पत्रीसाठी स्टेशनजवळचा जांभळी नाका सगळ्यात भरवशाचा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी पहाटेपासून तिथे पत्री, दूर्वा, केवडा, तेरडा, आघाडा यांचे वाटे लागतात. नवी मुंबईकरांना वाशीच्या बाजारात वाटे मिळतात, पण त्यांत एकवीस क्वचित भरतात. वाटा विकत घेताना तो तिथेच सोडून पाहावा. गल्लत ठरावीक पानांतच होते :

माका म्हणून शहरी बागांमध्ये जमिनीवर पसरणारी पिवळ्या फुलांची वेल दिली जाते. पूजेतल्या माक्याची फुलं बारीक आणि पांढरी असतात, आणि देठ चुरगळला की रस थोड्या वेळात काळपट होतो. शमी म्हणून बाभळीची डहाळी येते. बाभळीचे काटे लांब, पांढरट आणि जोडीने असतात. शमीचे आखूड आणि विखुरलेले. अर्जुनाचं पान लांबट असतं, आणि देठाला जिथे पान जुळतं तिथे दोन बारीक गाठी बोटाला लागतात. देवदार हे हिमालयातलं झाड आहे. आपल्याकडे त्या नावाखाली बहुधा उंच अशोकाची पानं मिळतात. ती घेण्यापेक्षा देवदाराच्या नावाला अक्षता वाहाव्यात. केवड्याच्या पानांच्या कडांना काटे असतात, लहान मुलांच्या हाती देऊ नये.

एक सूचना कुठल्याही खोक्यावर छापलेली आढळत नाही आणि ती छापायलाच हवी. धोतरा, कण्हेर आणि रुई विषारी आहेत. रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. पत्री निवडताना या तिघांना वेगळ्या कागदावर ठेवावं, पत्रपूजा झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि मगच नैवेद्याच्या ताटाला हात लावावा. प्रसादाच्या ताटात किंवा मोदकांवर पत्री घालून सजावट करू नये.

दूर्वा हा वेगळा उपचार आहे आणि त्याचं गणित सुंदर आहे. गणाधिप, उमापुत्र, अघनाशन, विनायक, ईशपुत्र, सर्वसिद्धिप्रदायक, एकदंत, इभवक्त्र, मूषकवाहन, कुमारगुरू ही दहा नावं. प्रत्येक नावाला दोन दूर्वा वाहायच्या म्हणजे वीस झाल्या, आणि शेवटी दहाही नावं एकत्र घेऊन एक. अशा एकवीस. खोक्यातल्या पोथीत हे सहसा नसतं, नुसतं ‘२१ दूर्वा वाहाव्यात’ एवढंच असतं, आणि मग लोक दोऱ्याने बांधलेली जुडी एकदम ठेवून मोकळे होतात. जुडी हाराजवळ शोभेसाठी ठेवायला हरकत नाही, पण या दहा नावांसाठी एकवीस दूर्वा सुट्या हव्यात. कोवळी, तीन किंवा पाच पात्यांची दूर्वा निवडावी. बाजारातल्या जुडीत बाहेरून दूर्वा आणि आत लॉनचं गवत भरलेलं असतं, म्हणून एक जुडी सोडून पाहावी. दोन घ्याव्यात : एकीतून निवडून एकवीस निघतील, दुसरी प्रोक्षणाला (पाणी शिंपडायला), नेत्रोन्मीलनाला (मूर्तीच्या डोळ्यांना तूप लावायला) आणि उत्तरपूजेला लागेल.

तूप, मध, हळद : खायचं आणि न खायचं

खोक्यातल्या तुपाच्या डबीवर बारीक अक्षरांत ‘फक्त दिव्यासाठी’ किंवा ‘खाण्यासाठी नाही’ असं लिहिलेलं असतं. हे तूप पंचामृतात जातं, पंचामृत तीर्थ म्हणून सगळं घर पितं. या एका गोष्टीसाठी संच बाजूला ठेवावा लागला तरी ठेवावा. डबीवर खाद्यपदार्थाचा परवाना क्रमांक नसेल तर ते तूप निरांजनातच वापरावं. मधाच्या पुडीलाही हाच नियम. पूजेची हळद आणि कुंकू खाण्याच्या प्रतीचं नसतं, म्हणून नैवेद्याच्या भाताला किंवा खिरीला खोक्यातली हळद लावू नये आणि पंचामृताच्या वाटीत कुंकू पडू देऊ नये.

पंचामृत घरातल्या साहित्याचंच करावं. चार-पाच माणसांच्या घराला अर्धी वाटी दूध, दोन चमचे दही, एक चमचा तूप, अर्धा चमचा मध, दोन चमचे साखर पुरते. तूप आणि मध समप्रमाणात घेऊ नये असं आयुर्वेद सांगतो, म्हणून मध कमी. दूध-दही तांब्याच्या भांड्यात ठेवू नये; चांदी, स्टील किंवा काचेची वाटी घ्यावी. मातीच्या मूर्तीवर पंचामृत ओतायचं नसतं. फूल किंवा दूर्वा बुडवून नुसतं शिंपडायचं, तेही पायांपाशी. पूर्ण अभिषेक करायची इच्छा असेल तर ताम्हणात सुपारी किंवा धातूची लहान मूर्ती ठेवून तिच्यावर करावा. हे सांगितलेलं नसलं की मूर्तीचा रंग ओघळतो, शाडूची मूर्ती असेल तर पाऊल विरघळतं.

कापूर पेटवून पाहता आला तर पाहावा. निखळ कापूर जवळजवळ मागे काही न ठेवता जळतो. ताटलीत मेणचट डाग उरला तर भेसळ आहे. पावसाळ्यात उघडा कापूर उडून जातो, म्हणून घट्ट झाकणाची डबी हवी. अक्षता तयार करून मिळतात त्या घेऊ नयेत. ओलसर कुंकू लावलेले तांदूळ पुडीत गोळा होतात, कधी बुरशी धरतात, आणि निम्मे दाणे तुटलेले असतात. वाटीभर अख्खे तांदूळ निवडून त्याच सकाळी किंचित पाण्यात कालवलेलं कुंकू लावलं की झालं. वाटी मोठी घ्यावी. वर सांगितल्याप्रमाणे जे जे नसेल त्याची जागा अक्षताच घेणार आहेत.

पोथी आणि ऑडिओ

पोथी हा संचाचा कणा आहे. दुकानदाराला सांगून ती बाहेर काढून पाहावी, आणि दाखवत नसेल तर संच घेऊ नये. चार ठिकाणं पाहावीत.

पहिलं, संकल्प. ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ असा पाठ आहे का? ठाणे, नवी मुंबई गोदावरीच्या दक्षिणेला येतात, म्हणून आपल्याकडे हाच पाठ. गोदावरीच्या उत्तरेकडच्या पाठात ‘उत्तरे तीरे’ असतं, आणि महाराष्ट्राबाहेर छापलेल्या पोथ्यांत गंगा-यमुनेचे उल्लेख येतात. संकल्पात आपण कुठे आणि कोणत्या वेळी पूजा करतो आहोत हे सांगतो, त्यामुळे ते खरंच असायला हवं. संवत्सराचं नावही तपासावं. गुढीपाडव्यानंतर इसवी सनातून ७८ वजा केले की शक मिळतो : २०२५ च्या चतुर्थीला शके १९४७, विश्वावसु संवत्सर होतं; २०२६ च्या चतुर्थीला शके १९४८, पराभव संवत्सर. दुकानात मागच्या वर्षीचा माल शिल्लक असतो, त्यातली छापील ओळ तशीच वाचली तर संकल्प गेल्या वर्षाचा होतो. त्यापुढे दक्षिणायन, वर्षा ऋतू, भाद्रपद मास, शुक्ल पक्ष, चतुर्थी हे दरवर्षी तेच. वार आणि नक्षत्र पंचांगात पाहून पेन्सिलीने लिहून ठेवावं, आणि स्वतःचं गोत्रही.

दुसरं, प्राणप्रतिष्ठा. मूर्तीच्या हृदयाला उजव्या हाताचा स्पर्श करून ‘अस्यै प्राणाः प्रतिष्ठन्तु’ हा मंत्र म्हणायचा, मग पंधरा संस्कारांसाठी पंधरा वेळा ॐकार, मग दूर्वेने डोळ्यांना तुपाचा स्पर्श. पोथीत हे नसेल तर बाकी काहीही असलं तरी ती पोथी अपुरी. कित्येक संचांत पोथी म्हणून निव्वळ आरतीसंग्रह घातलेला असतो. प्राणप्रतिष्ठा झाल्यावर उत्तरपूजेपर्यंत मूर्ती हलवायची नसते, म्हणून मखर, दिव्यांच्या माळा, वायरी सगळं आधी नीट करून घ्यावं. पोथीत ही सूचना सुरुवातीलाच छापलेली असावी.

तिसरं, नैवेद्य. ताटाखाली पाण्याने चौकोनी मंडल, ताटाभोवती पाणी फिरवणं, ‘प्राणाय स्वाहा’पासून ‘ब्रह्मणे स्वाहा’पर्यंत सहा आहुती, मध्ये पाणी, पुन्हा सहा, मग हात धुण्यासाठी पाणी, गंध, विडा. हा सगळा भाग चार ओळींत उरकलेला असेल तर पोथी घाईत छापलेली आहे असं समजावं.

चौथं, उत्तरपूजा. शेवटचं पान उलटून पाहावं. याबद्दल खाली लिहिलं आहे.

ऑडिओची सोय ही मोठ्या खोक्यातली एकमेव चांगली गोष्ट, आणि हल्ली ती खोक्याशिवायही मिळते. भाद्रपदात गुरुजींना एका सकाळी घरामागून घर करावं लागतं, घोडबंदर रोडच्या मोठ्या संकुलांत तर एकाच इमारतीत अनेक पूजा असतात. अशा वेळी ध्वनिमुद्रित पूजेचा आधार घेण्यात काहीच गैर नाही. यजमानाने स्वतः हाताने उपचार करावेत ही अपेक्षा त्यात पूर्ण होते. ध्वनिमुद्रण पारखायची खूण म्हणजे विराम. आधी मराठीत ‘आता उजव्या हाताने पळीभर पाणी घ्या’ अशी सूचना, मग मंत्र, मग कृतीपुरती शांतता. ज्यात पंधरा ॐकार मोजता येतील इतका वेळ सोडला नाही, किंवा पत्रपूजेत एकवीस नावं एका दमात म्हटली आहेत, ते मुद्रण नुसतं ऐकायला ठीक. व्यवस्थित पूजेला तासभर तरी लागतोच. फाइल आदल्या रात्री उतरवून ठेवावी, नाहीतर मंत्राच्या मध्ये जाहिरात सुरू होते. आणि फोन पूजेला बसलेल्याने हाताळू नये. हात ओले, गंधाचे असतात. थांबवा-सुरू करा हे काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्यावं.

वेळेबद्दल पोथ्यांमध्ये ‘सकाळी शुभ मुहूर्तावर’ असं मोघम असतं. चतुर्थीच्या निर्णयासाठी महाराष्ट्रात आधार घेतला जातो तो कमलाकरभट्टांच्या १६१२ च्या निर्णयसिंधूचा आणि पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांच्या धर्मसिंधूचा. दोन्हींत मध्याह्नव्यापिनी, म्हणजे मध्याह्नाच्या वेळी असणारी, चतुर्थी धरली आहे. दिवसाचे पाच भाग केले की तिसरा भाग मध्याह्न. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ठाण्यात तो साधारण सकाळी ११:२० ते दुपारी १:४५ असा येतो. पहाटे साडेपाचला उठून सगळं उरकायची ओढाताण न करता निवांत स्वयंपाक करून अकराला बसलं तरी ते शास्त्रालाच धरून आहे, हे पोथीत लिहिलं तर किती घरांची दमछाक वाचेल.

भांडी, आणि गौरीचा जोडसंच

मोठ्या खोक्यातलं ताम्हण-पळी बहुधा पातळ पत्र्याचं, वर मुलामा दिलेलं असतं. एका गणपतीत मुलामा जातो. त्या पैशांत एक चांगलं तांब्याचं ताम्हण वेगळं घ्यावं, ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. निरांजन बुडाला जड हवं. हलकं निरांजन आरतीत कलंडतं, आणि मखराचं कापड जवळ असतं.

‘गौरी-गणपती कॉम्बो’ मात्र घेऊच नये. गणपतीची पूजा घरोघर बरीच सारखी असली तरी गौर पूर्णपणे कुळाचाराची. कुणाकडे पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांची, कुणाकडे तेरड्याच्या रोपांची, कुणाकडे मुखवट्यांच्या उभ्या गौरी. ठाण्या-बेलापूर पट्टीतल्या आगरी-कोळी घरांत गौरीच्या नैवेद्याची रीत निराळी, देशावरून आलेल्यांची निराळी. खोका या सगळ्यांना एकच मुखवटा आणि एकच दोरा देतो. ज्यांच्याकडे दोरकाची रीत आहे त्यांना सोळा पदरी, सोळा गाठींचा दोरा लागतो. खोक्यातला मोजून पाहिला तर पदर कमी भरतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन हे ठरलेलं. बाकी घरातल्या थोरल्या बाईला, आत्याला, सासूबाईंना विचारावं आणि लिहून ठेवावं. फोनवर अर्धा तास बोलून जे मिळेल ते कुठल्याच खोक्यात नाही. आजी असेल तर तिच्याकडून तिच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करून ठेवावं.

उत्तरपूजा

दीड दिवस, पाच दिवस, गौरींबरोबर किंवा अनंत चतुर्दशी, विसर्जन केव्हाही असो, त्याआधी उत्तरपूजा हवी. संचांनी सगळ्यात जास्त दुर्लक्ष केलंय ते इथे. वस्तू सगळ्या पहिल्या दिवशी संपतील अशा मापाने दिलेल्या असतात. पोथीचं शेवटचं पान म्हणजे जाहिरात.

लागतं थोडंच : गंध, फूल, हळद-कुंकू, धूप, दीप, नैवेद्याला दही-पोहे किंवा घरच्या रीतीप्रमाणे काही, आणि मूठभर अक्षता. पंचोपचार पूजा, आरती, मंत्रपुष्प, आणि मग

‘यान्तु देवगणाः सर्वे पूजामादाय पार्थिवीम् । इष्टकामप्रसिद्ध्यर्थं पुनरागमनाय च ॥’

हा मंत्र म्हणून मूर्तीवर अक्षता वाहायच्या आणि मूर्ती उत्तरेकडे किंचित सरकवायची. आवाहनाने बोलावलेल्या देवाला निरोप इथे दिला जातो. पाण्यातलं विसर्जन त्यानंतरचं. ज्यांना तलावावर गर्दीत जाणं शक्य नसतं, आजारी माणसं घरात असतात, त्यांनी घरीच बादलीत विसर्जन केलं तरी उत्तरपूजा नीट झालेली असेल तर काही राहिलं असं वाटून घेऊ नये. ठाण्यात महापालिका मासुंदा, रायलादेवी, उपवन अशा तलावांलगत कृत्रिम तलावांची सोय करते आणि निर्माल्य वेगळं घेते. निर्माल्य देताना खोक्यातल्या वस्तूंची अडचण कळते : वस्त्रमाळेत प्लास्टिकची जर, हारात थर्माकोलचे मणी, पुड्यांची चमकी. हे सगळं मूर्तीवरून आधी उतरवून सुक्या कचऱ्यात टाकावं. साध्या कापसाची, कुंकवाची बोटं लावलेली वस्त्रमाळ घेतली तर हा प्रश्नच येत नाही. थर्माकोलच्या सजावटीवर तर राज्यात २०१८ पासून बंदीच आहे.

मग घ्यावं काय

पाचशेच्या आत मिळणारा छोटा संच घ्यावा, शक्यतो पारदर्शक पिशवीतला, म्हणजे आतली सुपारी किडलेली नाही ना, वाती पिवळ्या पडलेल्या नाहीत ना हे दिसतं. त्यात हे वेगळं घालावं : शेंडी असलेले आणि हलवून पाणी वाजणारे दोन नारळ (खोबऱ्याची वाटी कलशावर चालत नाही), देठासह विड्याची बारा पानं, म्हणजे पाच विड्यांची दहा आणि दोन फाटली तर हाताशी, सात सुपाऱ्या, सुटी नाणी, आंब्याचा एक टहाळा, पाच फळं, जास्वंदीची फुलं आणि एक हार, दूर्वेच्या दोन जुड्या, पत्रीचा एक वाटा, अर्धा लिटर तिळाचं तेल. दीड दिवस समई तेवत ठेवायची तर खोक्यातली छोटी बाटली पुरत नाही. तूप, मध, साखर, तांदूळ घरातलं. उत्तरपूजेचं गंध, कुंकू, वाती आणि अक्षता पहिल्याच दिवशी वेगळ्या डबीत काढून डबीवर तसं लिहून ठेवावं.

पोथी स्वतंत्र विकत घ्यावी. ठाण्यात जुन्या धार्मिक ग्रंथांच्या दुकानांत मोठ्या टायपातली, मराठी सूचनांसह असलेली पार्थिव (मातीच्या मूर्तीच्या) गणेशपूजेची पोथी मिळते आणि तिची किंमत मोठ्या खोक्याच्या मानाने नगण्य असते. ती एकदा घेतली की दरवर्षी संवत्सर, वार आणि नक्षत्र एवढंच पेन्सिलीने बदलायचं. फुलं-पत्री चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी आठच्या आत आणावीत, त्यानंतर जांभळी नाक्यावर भावही चढतात आणि डोरली, विष्णुक्रांता, हादगा सगळ्यात आधी संपतात.